रिकाम्या खोलीतील दिवे आणि उपस्थिती ओळखणारे संवेदक

सायंकाळी साडेसात वाजता कोणत्याही महानगरातील मोठ्या कार्यालयीन इमारतीकडे रस्त्यावरून पाहिले, तर मजल्यामागून मजले उजळलेले दिसतात. बहुतेक कर्मचारी तोवर घरी पोहोचलेले असतात. एखाद्या मजल्याच्या टोकाला सफाई कामगारांचे काम चालू असते आणि उरलेल्या दालनांतील दिवे रिकाम्या खुर्च्यांवर प्रकाश टाकीत राहतात. पूर्वी कार्यालय बंद करताना प्रत्येक खोलीत डोकावून बटणे बंद करणारा शिपाई असे. आता मजले मोकळे व विस्तीर्ण झाले, एका बटणावर दहा-वीस दिवे जोडले गेले आणि ते बटण नेमके कोणी बंद करायचे, हे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते.

हा अपव्यय टाळण्यासाठी उपस्थिती-संवेदक, म्हणजेच ऑक्युपन्सी सेन्सर, बसविण्याची पद्धत आता भारतातही रूढ होत आहे. खोलीत माणूस आला की दिवा लागतो आणि माणूस गेल्यावर ठरावीक वेळाने तो आपोआप विझतो, एवढीच त्यामागची कल्पना आहे. ती अंमलात आणताना मात्र अनेक ठिकाणी निराशा पदरी येते. कुठे वीजबिलात अपेक्षित घट होत नाही, तर कुठे त्रस्त कर्मचारी संवेदकावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात. याचे मूळ कारण असे की, बाजारात सर्रास मिळणारा संवेदक माणसाची उपस्थिती ओळखीत नाही. तो केवळ हालचाल ओळखतो.

माणसे दिवे केव्हा बंद करतात?

संवेदकाची गरज का भासते, याचे उत्तर माणसाच्या सवयीत आहे. ब्रिटनमधील संशोधक डी. आर. जी. हंट यांनी कार्यालये आणि शाळावर्गांतील दिव्यांच्या वापराचे निरीक्षण करून १९७९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोलीत प्रवेश करताना उजेड कमी वाटला तर माणूस दिवा लावतो. पण पुढे दिवस कितीही उजळला, तरी शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो दिवा सहसा बंद होत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे दिव्याच्या बटणाचा विचार दिवसातून दोनदाच होतो, येताना आणि जाताना. मधल्या काळात खोली तासभर रिकामी राहिली, जेवणाची सुटी झाली, बैठक दुसऱ्या दालनात भरली, तरी दिवा चालूच राहतो. अनेकांच्या सामायिक खोलीत तर जातानाचा विचारही होत नाही. आपल्यामागे कोणीतरी असेल, असे प्रत्येकाला वाटते.

उष्णता, ध्वनी आणि लहरी

सर्वाधिक वापरात असलेला संवेदक पीआयआर, म्हणजे निष्क्रिय अवरक्त, या प्रकारचा असतो. निष्क्रिय म्हणण्याचे कारण असे की, तो स्वतः कोणतीही लहर सोडीत नाही. प्रत्येक उबदार वस्तूमधून अवरक्त किरण बाहेर पडतात. मानवी शरीरातून निघणाऱ्या या किरणांची तीव्रता साधारणपणे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. संवेदकाच्या आतील स्फटिकासारख्या घटकावर पडणाऱ्या उष्णतेत बदल झाला की त्यावर सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो. समोर दिसणारे दुधी, खाचाखाचांचे प्लॅस्टिकचे आवरण हे खरे तर भिंग असते. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीपगृहांसाठी जे पातळ, वर्तुळाकार खाचांचे भिंग घडविले, त्याच तत्त्वावर ते बनलेले असते. दीपगृहात ते प्रकाश दूर फेकण्यासाठी होते. येथे ते खोलीतील उष्णता गोळा करते.

हे भिंग खोलीचे अनेक पट्ट्यांत विभाजन करते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की घटकावरील उष्णता बदलते आणि संवेदक जागा होतो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. संवेदकासमोरून आडवा चालणारा माणूस त्याला चटकन कळतो, तर सरळ त्याच्या दिशेने येणारा उशिरा कळतो. आणि एकाच पट्ट्यात निश्चल बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक, वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, संगणकाच्या पडद्याकडे एकटक पाहणारा लेखापाल ही सारी माणसे या यंत्राच्या दृष्टीने अनुपस्थित असतात. दिवा अचानक विझतो आणि मग हात हवेत हलवून आपण असल्याची ग्वाही द्यावी लागते.

भारतीय हवामानात आणखी एक अडचण उद्भवते. हा संवेदक शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. हिवाळ्यातील खोलीत, २० अंशांच्या भिंतीसमोर, माणूस ठळकपणे उठून दिसतो. परंतु मे महिन्यात नागपूर किंवा दिल्ली येथील वातानुकूलन नसलेल्या खोलीच्या भिंती ३५ अंशांच्या जवळ पोहोचल्या की हा फरक जवळजवळ मिटतो आणि संवेदकाचा पल्ला आखडतो. थंड प्रदेशात केलेल्या चाचणीच्या आधारे माहितीपत्रकात छापलेला पल्ला अशा ठिकाणी जसाच्या तसा गृहीत धरता येत नाही. शिवाय साध्या काचेतून हे दीर्घ अवरक्त किरण आरपार जात नाहीत. त्यामुळे काचेच्या तावदानांनी विभागलेल्या कक्षांसाठी बाहेर एकच संवेदक लावून भागत नाही.

दुसरा प्रकार श्राव्यातीत, म्हणजे अल्ट्रासॉनिक, संवेदकांचा. तो माणसाला ऐकू न येणारा, सुमारे २५ ते ४० किलोहर्ट्झ कंपनसंख्येचा ध्वनी खोलीत सोडतो आणि परत येणाऱ्या ध्वनीच्या कंपनसंख्येतील फरकावरून हालचाल ओळखतो. रेल्वेगाडी जवळ येताना शिटीचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, तेच हे डॉप्लर तत्त्व होय. अर्ध्या उंचीच्या भिंती आणि कपाटे यांच्या आडूनही तो हालचाल टिपतो, त्यामुळे स्वच्छतागृहांत तो उपयुक्त ठरतो. मात्र छताचा पंखा हा त्याचा वैरी. फिरणारी पाती आणि वाऱ्याने हलणारे पडदे ही त्याला माणसाचीच हालचाल वाटते. परदेशी बनावटीची पुस्तिका पंख्याचा उल्लेखही न करता यंत्राचे गुणगान करते आणि भारतीय वर्गखोलीत ते यंत्र दिवा विझूच देत नाही.

तिसरा प्रकार सूक्ष्मलहरींचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा. यातील अनेक स्वस्त उपकरणे ५.८ गिगाहर्ट्झ कंपनसंख्येवर चालतात. या लहरी काच, प्लायवूड आणि पातळ भिंतीतूनही पलीकडे जातात. परिणामी बंद, रिकाम्या खोलीतील दिवा बाहेरच्या मार्गिकेतून जाणाऱ्या माणसामुळे लागतो. या दोषांवर उतारा म्हणून दुहेरी तंत्राचे संवेदक निघाले. त्यांत दिवा लावण्यासाठी दोन्ही तंत्रांची साक्ष जुळावी लागते, पण तो चालू ठेवण्यास एकाची साक्ष पुरते. अलीकडच्या काळात श्वासोच्छ्वासाने होणारी छातीची हालचालही टिपू शकणारे मिलिमीटर लहरींचे रडार उपलब्ध झाले असून, निश्चल माणसाचा जुना प्रश्न त्यामुळे बराचसा सुटू शकतो. कॅमेऱ्याद्वारे माणसे मोजण्याचा पर्यायही आहे. परंतु दिवा विझविण्यासाठी कर्मचाऱ्यांवर सतत नजर ठेवणे कितपत उचित आहे, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

वीस मिनिटांचा हिशेब

शेवटची हालचाल टिपल्यानंतर दिवा किती वेळाने विझावा, हा कालावधी संवेदकावर ठरवून देता येतो. बचत आणि मनस्ताप या दोहोंचे गणित याच एका आकड्यात दडलेले आहे. अमेरिकेत प्रकाशयोजना संशोधन केंद्र आणि पर्यावरण संरक्षण संस्था यांच्या संशोधकांनी प्रत्यक्ष खोल्यांमध्ये मोजमाप करून २००१ मध्ये याविषयीचा अभ्यास मांडला. स्वच्छतागृहांत हा कालावधी ५ मिनिटांचा ठेवल्यास सुमारे ६० टक्के, तर २० मिनिटांचा ठेवल्यास सुमारे ४७ टक्के बचत संभवते, असे त्यात दिसून आले. एका व्यक्तीच्या कार्यालयीन खोलीसाठी हेच प्रमाण ३८ आणि २८ टक्के, तर अल्पोपाहाराच्या खोलीसाठी २९ आणि १७ टक्के होते. आकड्यांतून एक बाब स्पष्ट होते: कालावधीपेक्षाही जागेची निवड अधिक निर्णायक आहे. जेथे माणसे थोडा वेळ येतात आणि दिवा लावून निघून जातात, तेथे लाभ मोठा. जेथे दिवसभर कोणी ना कोणी असतेच, तेथे संवेदक केवळ शोभेचा.

या क्षेत्रातील पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ८८ लेख व प्रकल्प-अहवालांतून बचतीचे २४० अंदाज त्यांनी तपासले. उपस्थिती-संवेदकांमुळे दिव्यांच्या विजेत होणारी सरासरी बचत २४ टक्के भरली. विक्रेत्यांच्या जाहिरातींत निम्म्याहून अधिक बचतीची आश्वासने दिली जातात, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ट्यूबलाइटच्या काळात कालावधी फार कमी ठेवण्यास तांत्रिक आक्षेपही होता. फ्लुरोसंट नळी जितक्या वेळा पेटवावी, तितके तिचे आयुष्य घटते. विजेची बचत नव्या नळ्यांच्या खर्चात जिरू नये, म्हणून पंधरा-वीस मिनिटांची सवलत दिली जाई. एलईडी दिव्यांना हा दोष नाही. ते क्षणात पूर्ण प्रकाश देतात आणि वारंवार उघड-मिटीने लवकर झिजत नाहीत. मात्र त्यांच्या विद्युतमंडलात चालू होण्याच्या क्षणी विजेचा मोठा झोत शिरतो. हलक्या प्रतीच्या संवेदकातील रिले त्यामुळे चिकटून बसतो आणि दिवा कायमचा चालू राहतो. अशा वेळी छतावरील यंत्र कामात असल्याचे दिसते, बचत मात्र शून्य असते.

दिवा लावायचा कोणी?

संवेदक बसविल्यावर माणसाची सवय बदलते, हा या विषयातील सर्वांत मनोरंजक निष्कर्ष म्हणावा लागेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील विद्यापीठाच्या इमारतीत ६३ कार्यालयीन खोल्यांचे निरीक्षण करून १९९६ मध्ये एक अभ्यास सादर करण्यात आला. संवेदक असलेल्या खोल्यांतील व्यक्ती बाहेर पडताना स्वतः दिवा बंद करण्याचे प्रमाण, संवेदक नसलेल्या खोल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मेच आढळले. यंत्र आहे, ते पाहून घेईल, असा विश्वास बसला की हात बटणाकडे जात नाही. मग प्रत्येक वेळी खोली सोडल्यावर ती पंधरा-वीस मिनिटे वाया जातात, जी पूर्वी एखादा काटकसरी माणूस जाऊ देत नसे.

यावर उपाय साधा आहे. दिवा लावण्याचे काम माणसाकडे ठेवायचे आणि विझविण्याचे काम यंत्राकडे द्यायचे. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल तर माणूस दिवा लावीतच नाही. स्वयंचलित संवेदक मात्र दाराशी चाहूल लागताच भर दुपारीही तो लावतो. भारतासारख्या सूर्यप्रकाशाने संपन्न देशात वर्ग आणि कार्यालये यांच्यासाठी ही हाताने लावण्याची पद्धतच अधिक योग्य ठरते. जिने, तळघरातील वाहनतळ आणि स्वच्छतागृहे यांची गोष्ट निराळी. तेथे अंधारात बटण शोधावे लागू नये, म्हणून दिवा आपोआपच लागला पाहिजे. जिन्यावर तर तो पूर्ण विझू नये. माणूस नसताना मंद जळावा आणि चाहूल लागताच उजळावा. अर्ध्या जिन्यात वृद्ध व्यक्तीला अंधाराने गाठले, तर वाचलेल्या विजेची किंमत फार मोठी पडेल.

एलईडीनंतर बदललेले गणित

जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेखाली देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिव्यांचे वितरण झाले. दिवा स्वस्त आणि काटकसरी झाला. त्यामुळे संवेदकाच्या अर्थशास्त्रात मोठा फरक पडला असून, तो उदाहरणाने समजून घेता येईल.

एका वर्गखोलीत जुन्या पद्धतीच्या १० ट्यूब आहेत आणि चोकसह प्रत्येकी ५० वॅट वीज लागते, असे मानू. वर्षातील २२० दिवस रोज ३ तास त्या विनाकारण जळत असतील, तर ३३० युनिट वाया जातात. त्याच ठिकाणी २० वॅटचे १० एलईडी दिवे लावले की हा अपव्यय १३२ युनिटांवर येतो. प्रतियुनिट ८ रुपये दर धरल्यास संवेदकाने वाचविण्याजोगी वार्षिक रक्कम २,६४० रुपयांवरून १,०५६ रुपयांवर उतरते. संवेदकाची किंमत आणि बसविण्याची मजुरी मात्र तीच राहते.

त्यातच संवेदकालाही वीज लागते. तो अहोरात्र जागा असतो. एक वॅट वीज घेणारा संवेदक वर्षभरात सुमारे ९ युनिट खातो. वर्गखोलीच्या १३२ युनिटांपुढे हे नगण्य आहे. परंतु ९ वॅटचा एकच दिवा असलेल्या लहानशा स्वच्छतागृहाचा विचार केला, तर तो दिवा २२० दिवस रोज ५ तास वाया जळला तरी नासाडी १० युनिटांच्या आत राहते. म्हणजे पहारेकऱ्याचा पगार चोरीच्या ऐवजाएवढाच झाला. अशा जागी चांगल्या प्रतीचा, अर्ध्या वॅटहून कमी वीज घेणारा संवेदक घ्यावा, किंवा दारावर साधे बटण पुरे समजावे.

त्याच वर्गखोलीत ७५ वॅटचे ६ जुने पंखे असतील, तर तेवढ्याच रिकाम्या तासांत ते २९७ युनिट वाया घालवतात, एलईडी दिव्यांच्या दुपटीहून अधिक. वातानुकूलित खोलीत हा आकडा आणखी कितीतरी वाढतो. त्यामुळे आज भारतात उपस्थिती-संवेदकाचा खरा उपयोग दिव्यांपेक्षा पंखे व वातानुकूलन यांच्याशी तो जोडण्यात आहे. हॉटेलच्या खोलीत दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्यावर वीज सुरू होते, ती याच विचाराची जुनी व स्वस्त आवृत्ती. अर्थात त्या खाचेत कोणतेही जुने कार्ड खोचून वातानुकूलन दिवसभर चालू ठेवण्याची युक्ती प्रवाशांनी फार पूर्वीच शोधून काढली आहे.

उपस्थितीचा माग नेहमी संवेदकानेच घ्यावा, असेही नाही. रेल्वे फलाटावर गर्दी केव्हा होणार, हे सिग्नललाच ठाऊक असते. पश्चिम मध्य रेल्वेने भोपाळ, जबलपूर व नरसिंहपूर या स्थानकांवर २०२० मध्ये अशी व्यवस्था केली की, गाडी स्थानकात येताना फलाटावरील सर्व दिवे लागावेत आणि ती निघून गेल्यावर त्यांतील निम्मे आपोआप विझावेत. छतावर एकही संवेदक न लावता, आधीच हाती असलेल्या माहितीचा हा उपयोग आहे. वेळापत्रकानुसार चालणाऱ्या महाविद्यालयांना आणि न्यायालयांना त्यापासून काही घेता येईल.

संहिता आणि तिची अंमलबजावणी

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्याच्या आधारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना २००२ मध्ये झाली. केंद्र सरकारने मे २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर केली. व्यापारी स्वरूपाच्या मोठ्या इमारतींसाठी असलेल्या या संहितेत, ५०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींतील ३० चौरस मीटरपेक्षा लहान बंदिस्त कार्यालयीन खोल्या, बैठकीची दालने, शाळांचे वर्ग व साठवणीच्या जागा यांना उपस्थिती-संवेदक आवश्यक ठरविण्यात आले. माणूस गेल्यावर ३० मिनिटांच्या आत दिवा विझावा आणि खोलीत माणूस असतानाही दिवा बंद करता यावा यासाठी भिंतीवर हाताचे बटण असावे, अशीही तरतूद होती. २०१७ मध्ये सुधारित संहिता आली, तेव्हा ३० मिनिटांची मुदत १५ मिनिटांवर आणण्यात आली. मात्र संवेदकांची सक्ती प्रामुख्याने २०,००० चौरस मीटरहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या इमारतींपुरती ठेवण्यात आली. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग खुला केला.

तथापि, स्थानिक परिस्थितीनुसार संहितेत बदल करून ती लागू करणे राज्य सरकारांच्या हाती आहे आणि बांधकाम परवानगीच्या वेळी ती तपासणे स्थानिक संस्थांच्या. नकाशावर संवेदकाचे चिन्ह आहे की नाही, एवढे तपासणे सोपे असते. तो पंख्याच्या पात्यांसमोर बसविला आहे का, उघड्या दारातून मार्गिकेकडे पाहतो आहे का, त्याचा कालावधी कारखान्यातून आला तसाच राहिला आहे का, हे नकाशा सांगत नाही.

त्यासाठी अनुभवी विद्युत अभियंते इमारत ताब्यात घेण्यापूर्वी एक साधी चाचणी करतात. खोलीतील सर्वांत दूरच्या खुर्चीवर एका माणसाला पुस्तक देऊन बसवायचे आणि ठरविलेल्या कालावधीच्या दुप्पट वेळ थांबायचे. दिवा विझला, तर संवेदकाची जागा किंवा त्याची संवेदनक्षमता बदलायची. मग त्या माणसाला बाहेर पाठवून, पंखे पूर्ण वेगाने फिरवून, दार उघडे ठेवून आणि बाहेरच्या मार्गिकेत माणसांची ये-जा चालू ठेवून पुन्हा तेवढाच वेळ थांबायचे. या वेळी दिवा विझला पाहिजे. वातानुकूलन नसलेल्या इमारतीत हीच चाचणी उन्हाळ्याच्या दुपारी पुन्हा घ्यावी लागते. एका खोलीमागे तासाभराचे हे काम आहे आणि बांधकामाच्या निविदेत त्यासाठी वेगळी तरतूद क्वचितच आढळते.